मुंगीचा धडा आणि मुंगीचे बीळ

माझे आजोळ गौतमपुऱ्याचे. इंदूर जिल्ह्यात, चंबळेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर हे गाव वसले आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून गावाला हे नाव पडले. होळकरशाहीत जी मराठी घरे माळव्यात गेली आणि तेथलीच झाली, त्यांपैकी एक माझ्या मामांचे. घरात मराठी आणि शेतावर माळवी अशी तेथली रीत. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्यात हिंगोट युद्ध होते. हिंगणबेटाच्या पोकळ फळात दारू ठासून ती पेटती फळे गावचे तुर्रा दल आणि शेजारच्या रुणजीचे कलगी दल एकमेकांवर फेकतात. त्या युद्धाचे आम्हा मुलांना फार आकर्षण होते. आज मला लिहायचे आहे ते मात्र त्याच दिवसांत तेथे पाहिलेल्या दुसऱ्या एका युद्धाविषयी. ते माझी आजी आणि माझे मामा यांच्यात झाले, आणि त्याला कारण झाल्या मुंग्या.

साल १९८१. दिवाळीच्या आधी एक अवकाळी सर येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. आजीबरोबर मी शेतावर गेलो, तर बांधालगतच्या पडीक पट्ट्यात जागोजागी बारीक दाण्यांचे लहान लहान ढीग दिसले. प्रत्येक ढिगाशेजारी एक भोक आणि भोकातून दाणा तोंडात धरून वर येणाऱ्या मुंग्यांची रांग. घरी आई आणि मामी डाळी-साळी उन्हात घालीत, तसाच हा प्रकार. आजीने पदराच्या गाठीतून मूठभर पीठ काढले आणि बिळांभोवती टाकले. माळव्यात मुंगीला 'कीडी' म्हणतात आणि तिच्या वस्तीला 'कीडीनगरा'. कीडीनगऱ्याला दाणापाणी घालणे हे तेथे पुण्याचे काम समजतात. इतक्यात मामा आले. त्यांच्या हातात बी.एच.सी.च्या पांढऱ्या भुकटीची पिशवी होती.

"अरे, कीडीनगऱ्यावर विष टाकतोस? कणभर नेतात बिचाऱ्या," आजी म्हणाली.

"आई, कण कण करता पोतं जातं. खळं कोण राखतं, तू की मी?" मामांनी विचारले.

मी मध्येच विचारले, "मामा, पण ह्या नेताहेत काय?"

"ज्वारी. दुसरं काय नेणार?"

मी एका ढिगातली चिमूट उचलून तळहातावर घेतली. तीत ज्वारीचा एकही दाणा नव्हता. होते ते गवताचे बी, हलके, लांबट आणि टोकाला कुसळ असलेले. मी हात पुढे केला. आजीने तो पाहिला नाही आणि मामांनीही पाहिला नाही. दोघे एकमेकांशी बोलण्यात गुंतले होते. दुपारी भुकटी पडली. आजीचे पीठही तिच्याखाली गेले.

आज मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि नोकरीची थोडी वर्षे उरली आहेत. एवढ्या काळात त्या चिमटीची आठवण मला वारंवार झाली. आजी दयाळू होती आणि मामा कष्टाळू होते. मुंगीविषयी दोघांचेही मत ठाम होते. परंतु मुंगी काय करते आहे हे दोघांपैकी एकानेही खाली बसून पाहिले नव्हते. माझे म्हणणे असे आहे की, आपण सुशिक्षित म्हणविणारे लोकही यापेक्षा फारसे वेगळे वागत नाही. आपल्या हातात पीठ नसते की भुकटी नसते, एवढाच काय तो फरक. आपल्या हातात असतो मुंगीचा 'धडा'.

हा धडा आपण सर्वांनी गिरवला आहे. मुंगी उद्योगी असते, शिस्तप्रिय असते, उन्हाळ्यात साठवते आणि पावसाळ्यात खाते. नाकतोडा मात्र गाणी गातो आणि उपाशी मरतो. शाळेत यावर निबंध लिहून आपण गुण मिळविले. हा धडा फार जुना आहे. इसापाच्या गोष्टींत तो आहे, ज्यूंच्या धर्मग्रंथांत तो आहे, आणि आपल्याकडे तर घरोघरी आहे. पण याच धड्याचा एक गमतीदार इतिहास आहे व त्याचे एक महत्त्वाचे पान आपल्या पुण्यात लिहिले गेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

अठराव्या शतकात युरोपात कीटकांचे डोळस निरीक्षण सुरू झाले. १७४७ साली विल्यम गूल्ड याने इंग्लंडमधील मुंग्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याने व त्याच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी मुंग्यांची बिळे तपासली. त्यांना त्यांत धान्य कोठेच सापडले नाही. ते बरोबरच होते. उत्तरेकडच्या थंड देशांत मुंग्या हिवाळाभर जमिनीखाली निपचित पडून राहतात, त्यांना कोठाराची गरज नसते. मग जुन्या लोकांना दाणे दिसले ते कसले? तर ते मुंग्यांचे कोश असले पाहिजेत, असा निष्कर्ष निघाला. मुंग्यांचे कोश पांढुरके व लांबट असतात आणि बीळ उघडले की कामकरी मुंग्या ते तोंडात धरून पळतात, तेव्हा ही चूक सहज होण्यासारखी आहे. अशा रीतीने मुंगी धान्य साठवते ही गोष्ट भाकडकथा ठरली आणि तशी ती पुस्तकांत छापलीही गेली.

याच सुमारास विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी पुण्यात होता. मुंबई सरकारने १८२४ साली त्याच्याकडे दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचे काम सोपविले होते. पिके, पाऊस, लोकसंख्या यांबरोबर तो पक्षी आणि कीटकही टिपून ठेवी. १८२९ च्या जूनमध्ये एके सकाळी फिरायला गेला असता परेडच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे वीसहून अधिक ढीग दिसले. प्रत्येक ढिगात मूठभर बी होते. शेकडो मुंग्या खालच्या कोठारातून ते वर आणीत होत्या. पावसाच्या पहिल्या सरींनी भिजलेले बी त्यांनी पहिल्याच उघडिपीत वाळत घातले होते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आटोपल्यावर त्याला हाच प्रकार पुन्हा दिसला. गौतमपुऱ्याच्या बांधावर मी दिवाळीत जे पाहिले, ते एका परक्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात पाहून लिहून ठेवले होते. हे मला कळले ते मी स्वतः अध्यापक झाल्यानंतर. कळल्यावर आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली.

साइक्सचे मला कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी. आपण पाहतो ते युरोपातील पंडितांच्या मताविरुद्ध आहे याची त्याला पूर्ण जाणीव होती. म्हणून त्याने पंडितांना हसण्याआधी स्वतःवर संशय घेतला. हे कोश तर नव्हेत ना, अशी शंका घेऊन त्याने दाणे नीट तपासले आणि ते बी असल्याची खात्री झाल्यावरच लिहिले. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात ही नोंद प्रसिद्ध झाली व १८३५ हे वर्ष या मुंगीच्या शास्त्रीय नावाला कायमचे चिकटले. आज तिला 'फायडोली प्रॉव्हिडेन्स' म्हणतात. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ पुढची तरतूद करणारी. म्हणजे इतका सावध निरीक्षक, पण नाव ठेवण्याची वेळ आली तेव्हा त्यालाही धड्याचा मोह आवरला नाही! बिळाच्या उभ्या भिंतीवरून दाण्यासकट कोसळून पुन्हा चढणाऱ्या मुंग्या पाहून माणसाने चिकाटी शिकावी, असेही तो लिहून गेला.

साइक्सच्या नोंदीने प्रश्न मिटला नाही. तो मिटायला आणखी चार दशके लागली. जॉन मॉगरिज नावाचा एक तरुण इंग्रज प्रकृतीच्या कारणाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंतों या गावी राहत असे. त्याने तेथल्या मुंग्यांची बिळे खणून त्यांतील कोठारे उघडी केली आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या प्रदेशात मुंग्या खरोखरच बी साठवतात हे त्यामुळे सर्वमान्य झाले. जुने लोक बरोबर होते आणि पंडित चुकले होते. पंडितांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यांनी आपल्या परसातील मुंगीवरून जगातल्या सगळ्या मुंग्यांचा निकाल लावला, एवढीच त्यांची चूक.

पण पाहणारा माणूसही वाहवत जाऊ शकतो, याचेही एक उदाहरण याच काळातले आहे. टेक्सासमधील डॉ. गिडिअन लिन्सेकम यांनी तेथल्या मोठ्या मुंग्या बारा वर्षे पाहिल्या होत्या. या मुंग्या बिळाभोवतीची जमीन साफ करतात, तेथे एका विशिष्ट गवताची पेरणी करतात, निंदणी करतात आणि कापणी करून घरात भरतात, असे त्यांनी चार्ल्स डार्विनला कळविले. डार्विनने ती हकिकत १८६१ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम मॉर्टन व्हीलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हे गवत पेरलेले नसते. कोठारात ओल लागून मोड आलेले किंवा टाकाऊ बी मुंग्या बाहेर फेकतात आणि ते बिळाभोवती उगवते. लिन्सेकमना गवत दिसले ते खरे होते. त्यांनी पेरणी मात्र स्वतःच्या मनातून घातली. मुंगीत त्यांना शेतकरी पाहायचा होता, आणि तो त्यांना दिसला.

मग आपणही आता थोडे खाली बसून पाहू. प्रथम एक शब्द दुरुस्त करू. आपण 'मुंग्यांचे वारूळ' म्हणतो खरे, पण मातीचे उंच वारूळ बांधते ती वाळवी, आणि वाळवी ही मुंगी नव्हे. आपल्या माळावरच्या बी गोळा करणाऱ्या मुंग्या जमिनीत बीळ करतात. बाहेरून दिसते ते एक भोक आणि त्याभोवती टरफले, कुसळे व भुसा यांचा एक वलयाकार ढीग. आत आडवी दालने असतात. काही दालनांत बी, तर काहींत अंडी, अळ्या आणि कोश असतात.

दिसतात त्या सर्व कामकरी मुंग्या माद्या असतात, पण पिलावळ वाढविण्याचे काम राणीचे. फायडोली वंशात कामकरी मुंग्यांचे दोन प्रकार असतात. लहान डोक्याच्या मुंग्या बहुसंख्य, तर काही थोड्यांचे डोके शरीराच्या मानाने प्रचंड मोठे असते. त्या मोठ्या डोक्यांना पूर्वी सरसकट 'शिपाई' म्हणत. परंतु त्या डोक्यातील बलदंड स्नायू कठीण बी फोडण्याच्याही कामी येतात. शिपाई कसले, ते घरचे जातेच म्हणावयाचे! आणखी एक नवल असे की, प्रौढ मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही. तिच्या तोंडात एक गाळणी असते आणि घशाखाली फक्त पातळ पदार्थ उतरतो. म्हणून मुंग्या बी सोलतात, चावून चावून लाळेत मळतात आणि त्याचा लगदा करतात. अशा लगद्याला शास्त्रज्ञांनी 'मुंग्यांची भाकरी' असेच नाव दिले आहे. घट्ट भाकरी पचविण्याची ताकद अळ्यांत असते. ज्या पोरांसाठी राबायचे त्यांनाच ते अन्न खऱ्या अर्थाने खाता यावे, ही योजना पाहून आपल्या घरातील आया-आज्यांची आठवण होते. पण थांबा, मीही आता धडा काढू लागलो!

'मुंगीला पंख फुटले' असे आपण एखाद्याच्या उन्मत्तपणाविषयी म्हणतो. पंख फुटतात ते तरुण राण्यांना व नरांना, आणि पुष्कळ जातींत ते पहिल्या पावसानंतर आकाशात उडतात. मीलनानंतर नर मरतात. राणी खाली उतरते, आपले पंख आपणच गळून टाकते, जमिनीत शिरते आणि एकटी नवी वस्ती सुरू करते. बहुतेक राण्या पक्ष्यांच्या, बेडकांच्या व दुसऱ्या मुंग्यांच्या तोंडी जातात, म्हणून म्हण अगदीच खोटी नाही. परंतु ज्या एखाद्या राणीला यश येते, तिच्या पंखांवाचून माळावर नवे बीळ दिसले नसते.

आता मूळ प्रश्न. मुंगी खरोखर धड्यातल्यासारखी अखंड उद्योगी असते काय? याचे उत्तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन यांनी दिले आहे. १९८० च्या दशकापासून ॲरिझोनाजवळच्या वाळवंटात एकाच माळावरील बी वेचणाऱ्या मुंग्यांच्या शेकडो वस्त्या त्या दरवर्षी मोजत आल्या आहेत. या जातीची वस्ती वीस-तीस वर्षे टिकते. त्यांच्या कामावरून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या.

पहिली अशी की, बिळात हुकूम देणारा कोणीच नसतो. राणी फक्त अंडी घालते. बाहेर किती मुंग्यांनी जायचे हे ठरते ते दारातल्या भेटीगाठींवरून. बी घेऊन परतलेली मुंगी दाराशी थांबलेल्या मुंग्यांच्या मिशांना मिशा लावते. अशा भेटी भराभर झाल्या की थांबलेल्या मुंग्या बाहेर पडतात, विरळ झाल्या की आत बसून राहतात. बाहेर बी मुबलक असेल तर मुंग्या लवकर परततात, म्हणजे दारातील भेटी वाढतात आणि आपोआप अधिक मुंग्या कामाला लागतात. २०१२ साली गॉर्डन आणि संगणकशास्त्रज्ञ बालाजी प्रभाकर यांनी दाखविले की, इंटरनेटवर माहिती किती वेगाने पाठवायची हे ठरविण्याची जी पद्धत माणसाने शोधली, तीही याच तत्त्वावर चालते.

दुसरी गोष्ट धड्याच्या मुळावरच येणारी आहे. वाळवंटात बी शोधताना मुंगीच्या अंगातील पाणी उडून जाते, आणि ते भरून काढण्याचे साधन म्हणजे बियांतील स्निग्धांश. म्हणजे पाणी मिळविण्यासाठी पाणी खर्चावे लागते. कोरड्या, तापलेल्या दिवशी काही वस्त्या नेटाने काम चालू ठेवतात. काही वस्त्या काम आखडते घेतात आणि घरी बसतात. गॉर्डन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, घरी बसणाऱ्या वस्त्यांचा वंश अधिक वाढला. त्यांच्या लेकी-वस्त्या संख्येने जास्त निघाल्या. ज्या मुंगीच्या नावाने आपण मुलांना 'ऊठ, कामाला लाग' म्हणतो, तिच्यापैकी जिने वेळेवर स्वस्थ बसणे पत्करले ती टिकली!

यावर कोणी म्हणेल की, मग आता संयमाचा धडा घ्या. घ्यावयाचा असेल त्याने घ्यावा. पण आधी उद्योगाचा, मग चिकाटीचा आणि आता संयमाचा असे तीन धडे एकाच मुंगीतून निघत असतील, तर ते धडे मुंगीचे नव्हेत. ते आपल्या खिशातून निघतात. मुंगीजवळ आहे ती फक्त तिची रीत, आणि ती जाणून घेण्यास माळावर जावे लागते.

आता गौतमपुऱ्याच्या भांडणाकडे परत येऊ. आजी खरी की मामा? धान्य मुंगीच्या बिळात गेले तर ते कोणाचे, हा प्रश्न ज्यूंच्या 'मिश्ना' या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या धर्मनियमांच्या संग्रहातही आला आहे. तेथे निवाडा असा आहे: उभ्या पिकातील बिळात सापडलेले धान्य मालकाचे. कापणी झाल्यावर सापडले तर वरच्या थरातले गरिबांचे, कारण तो सरवा, आणि खालच्या थरातले मालकाचे. यावर एका धर्मपंडिताने मत दिले की, सगळेच गरिबांना द्यावे, कारण सरवा असल्याचा संशय आला की तो सरवाच धरावा. मला हा निवाडा आवडतो. त्यात दया आहे आणि हिशेबही आहे. शिवाय निवाडा करणाऱ्याने बिळातील वरचा थर आणि खालचा थर वेगळे पाहिले आहेत!

मामांची तक्रार पोकळ नव्हती. पेरलेले बारीक बी मुंग्या उचलून नेतात आणि खळ्यावरचे दाणेही नेतात. बी साठवणाऱ्या काही मुंग्यांची गणना आपल्याकडच्या शेतकी कीटकशास्त्रात किडींत होते. मराठीत 'कीड' म्हणजे पिकाचा शत्रू, माळवीत 'कीडी' म्हणजे दाणा घालावयाची मुंगी. एका वेलांटीत आजी आणि मामा यांचे सारे भांडण आले आहे. परंतु त्या दिवशी त्या ढिगात ज्वारी नव्हती. गवताचे बी होते. जे बी पुढच्या मृगात मामांच्या बांधावरून शेतात उतरले असते आणि ज्याच्या निंदणीला त्यांनी मजुरी मोजली असती, त्यातलेच काही मुंग्या फुकट वेचीत होत्या. शिवाय एक खाणारा काढला की दुसरा येतो. १९७७ साली जेम्स ब्राउन आणि डायन डेव्हिडसन यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात केलेल्या प्रयोगात हे दिसले. तेथे बी खाणारे उंदीर कुंपणाने बाहेर ठेवले तेव्हा मुंग्यांच्या वस्त्या वाढल्या, आणि मुंग्या काढल्या तेव्हा उंदीर वाढले. आपल्या शेतात असेच होईल असे मी म्हणत नाही. भुकटी टाकण्याआधी हा प्रश्न मनात यावा, एवढेच म्हणतो. त्या भुकटीवर पुढे १९९७ साली भारतात बंदी आली, कारण ती मातीत, दाण्यात आणि दुधात वर्षानुवर्षे राहते. मामांनी ती हाताने टाकली होती, तोंडाला फडकेही न बांधता.

आजीच्या पिठानेही मुंगीचे फार भले झाले असे नाही. पावसाने भिजलेल्या बिळाच्या तोंडाशी पीठ आंबते. पण आजीच्या पिठाने कोणाचे वाईट झाले नाही, हा फरक मी विसरत नाही. दोघांपुढे उत्तर पडलेले होते, ते बिळाभोवतीच्या भुशाच्या ढिगात. मुंगी जे खाते त्याची टरफले ती दारात टाकते. तो ढीग म्हणजे तिची जमाखर्चाची वही. ती उघडायला एक चिमूट आणि एक भिंग पुरे होते.

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळतो, कारण हा लेख त्यासाठीच लिहीत आहे. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन बंद करण्यास सांगितले. बेडूक वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु विच्छेदनाचा जो तास रिकामा झाला त्यात आपण काय घातले? बहुतेक ठिकाणी चित्रे, तक्ते आणि पडद्यावरील फिती. विद्यार्थी जर्नलमध्ये सुबक आकृत्या काढतात, नावे लिहितात आणि सही घेतात. पूर्वी मेलेला प्राणी तरी समोर असे. आता तोही नाही. प्राणिशास्त्राचा पदवीधर प्राणी न पाहता बाहेर पडतो, हे आपल्यापैकी कोणाला खटकत नाही काय?

माझी सूचना साधी आहे. त्या रिकाम्या तासांपैकी निदान सहा तास मैदानाच्या कडेच्या मुंग्यांना द्यावेत. बीळ खणू नये. भुशाची चिमूट कागदात घेऊन टरफले वेगळी करावीत आणि वनस्पतिशास्त्राच्या मित्रांकडून ती ओळखून घ्यावीत. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत, दर तासाला पाच मिनिटे, दाणा घेऊन परतणाऱ्या आणि रिकाम्या परतणाऱ्या मुंग्या मोजाव्यात व शेजारी उन्हाचे तापमान लिहावे. एका पुठ्ठ्यावर राजगिरा, नाचणी, तीळ आणि त्याच आकाराचे काचेचे मणी सारख्या संख्येने ठेवून काय आधी उचलले जाते ते पाहावे. जूनच्या पहिल्या उघडिपीला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसानंतर वाळवण दिसते का ते पाहावे. या दोन्ही वेळा आपल्या सत्रात येतात, हे आपले भाग्य. खर्च म्हणाल तर एका भिंगाचा.

काही सहकारी म्हणतील की, अभ्यासक्रमात हे नाही, आणि बाहेरचे परीक्षक याला गुण कसे देणार? ही अडचण खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. वर्गात साठ मुले आणि एक अध्यापक असताना मैदानावर शिस्त ठेवणे सोपे नाही. परंतु नोंदवही तपासणे आकृती तपासण्याहून अवघड नसते. उलट साठ जणांच्या साठ वह्यांत साठ वेगळे आकडे येतील, म्हणजे नक्कल आपोआप बंद होईल. स्वस्तात खरे विज्ञान करता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. राघवेंद्र गदगकर यांच्या कामाकडे पाहावे. साध्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांसमोर वर्षानुवर्षे बसून त्यांनी जगमान्य संशोधन केले, आणि थोड्या खर्चात प्राणिवर्तनाचे प्रयोग कसे करावेत यावर २०२१ साली एक पुस्तकही लिहिले. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना हे नाव अधिक जवळचे वाटेल. त्यांना माझी विनंती अशी की, त्यांनीही यात सामील व्हावे. मराठीतली मुंगी आणि कन्नडमधली 'इरुवे' एकाच मैदानावर फिरते. लहान काळी, मोठी काळी, चावरी तांबडी, घरातली आणि शेतातली अशा मुंग्यांची प्रत्येक घरात निराळी नावे आहेत. ती दोन्ही भाषांत गोळा केली तर मासिकाच्या पुढच्या अंकाला दोन्ही विभागांत छापण्याजोगा मजकूर मिळेल.

गेल्या दिवाळीत मी पुष्कळ वर्षांनी गौतमपुऱ्याला गेलो. आजी नाही, मामाही नाहीत. शेतात ज्वारी नाही. सोयाबीन निघून गव्हाची तयारी चालली होती. बांध पूर्वीपेक्षा अरुंद झाला आहे, पण त्याच्या कडेला हातभर पडीक पट्टी अजून आहे. तेथे एक बीळ होते व त्याभोवती भुशाचे कडे. मामेभावाचा मुलगा बरोबर होता, इंदूरला शिकणारा. तो म्हणाला, "काका, मुंग्याच आहेत, त्यात काय बघायचं?"

मी त्याला काही सांगितले नाही. चिमूटभर भुसा त्याच्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिले. तो बराच वेळ खाली बसून होता.